पहिल्या चिठ्ठीवर औषधासोबत ताटही लिहा

टाइप २ मधुमेहाचं निदान झालं की दवाखाना सरकारी असो वा खासगी, रुग्णाच्या हातात पडणारी चिठ्ठी साधारण एकाच साच्याची असते. मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, सकाळ-संध्याकाळ. साखर जास्त असेल तर जोडीला ग्लिमेपिराइड. आणि तळाशी एक ओळ: गोड बंद, भात बंद, रोज चाला. गोळ्यांची मात्रा, वेळ, दिवस सगळं नोंदलेलं असतं, खाण्याचा विषय मात्र चार शब्दांत आटोपतो. वजन किती उतरवायचं, किती महिन्यांत, पोळ्या किती, डाळ किती, यातलं काहीच चिठ्ठीवर नसतं. आजार नवा असताना वजन पुरेसं उतरलं तर अनेकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली येते आणि काही वर्षं तिथे राहू शकते, हे तर बहुतेकांना तोंडीही सांगितलं जात नाही. ‘आता हा आयुष्यभराचा सोबती’ एवढं ऐकून माणूस घरी जातो.

आमचं म्हणणं असं की, टाइप २ च्या प्रत्येक नव्या रुग्णासमोर निदानाच्या पहिल्याच महिन्यात वजन उतरवण्याचा आणि ताटातली कर्बोदकं कमी करण्याचा मार्ग, मोजमापासह आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठेवला गेला पाहिजे. तो घ्यायचा की नाही हे रुग्ण ठरवेल. पण मार्ग आहे हे कळण्याचा त्याला हक्क आहे, आणि तो चालण्याजोगा करण्याची जबाबदारी सार्वजनिक आरोग्ययंत्रणेची आहे.

प्रश्न केवढा मोठा आहे ते भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडिआब पाहणीतून २०२३ मध्ये समोर आलं. देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर. राज्यांत सगळ्यात वर गोवा, २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह. या सगळ्यांना जन्मभर गोळ्या, मग इन्सुलिन, मग डोळे, मूत्रपिंड आणि पाय यांचे उपचार पुरवणं कोणत्याही राज्याच्या तिजोरीला झेपणारं नाही. घरांना तर नाहीच.

वजन आणि साखर यांचं नातं नेमकं काय, हे ब्रिटनमधल्या न्यूकॅसलचे प्राध्यापक रॉय टेलर यांनी गेल्या पंधरा-वीस वर्षांत उलगडून दाखवलं. लागेल त्यापेक्षा जास्त अन्न वर्षानुवर्षं आलं की यकृताचं कोठार चरबीने भरतं. भरलेलं यकृत इन्सुलिनला दाद देत नाही आणि रात्रभर साखर तयार करून रक्तात सोडत राहतं. सकाळी उपाशीपोटीची साखर जास्त येते ती यामुळे. यकृतातून ओसंडलेली चरबी स्वादुपिंडात पोचली की इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मंदावतात. त्या सुरुवातीच्या काही वर्षांत मेलेल्या नसतात, आणि चरबी हटली की अनेकांच्या पेशी पुन्हा काम करू लागतात. २०११ च्या त्यांच्या छोट्या अभ्यासात, अगदी कमी उष्मांकांच्या आहारावर उपाशीपोटीची साखर सात दिवसांत जाग्यावर आली होती.

मग स्कॉटलंड आणि इंग्लंडमधल्या टाइनसाइड भागातल्या साध्या दवाखान्यांत ‘डायरेक्ट’ नावाची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ पासून प्रसिद्ध होत गेले. निदानाला सहा वर्षांहून कमी काळ झालेले, इन्सुलिनवर नसलेले ३०६ लोक. निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८२५ ते ८५० उष्मांकांचा द्रव आहार आणि पहिल्या दिवसापासून मधुमेहाच्या गोळ्या बंद. वर्षाअखेर त्यातले ४६ टक्के लोक रेमिशनमध्ये होते, म्हणजे त्यांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के, आणि ज्यांचं ५ किलोही उतरलं नाही त्यांच्यात जेमतेम ७ टक्के. रेमिशनची व्याख्या २०२१ मध्ये अमेरिका, युरोप आणि ब्रिटनच्या मधुमेह संघटनांनी मिळून पक्की केली: साखरेच्या गोळ्या बंद करून किमान तीन महिने झाले असताना एचबीए१सी, म्हणजे तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी, ६.५ टक्क्यांच्या खाली.

इथे आपल्याकडचा माणूस रास्त प्रश्न विचारतो. ‘माझं वजनच ६८ किलो, मी १५ किलो कुठून उतरवू?’ याचं निम्मं उत्तर पुण्यातून आलेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं एक चित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं होतं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात स्नायू कमी आणि पोटाभोवती चरबी जास्त असते. म्हणून आपल्यासाठी बीएमआयची रेषा २३ वर धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला की धोका मानतात. उरलेलं निम्मं उत्तर न्यूकॅसलच्याच दुसऱ्या छोट्या अभ्यासात आहे. बीएमआय २७ च्या आत असलेले २० मधुमेही घेतले. वजनाच्या सुमारे दहा टक्के उतरवल्यावर त्यातले १४ जण रेमिशनमध्ये गेले. म्हणजे ६८ किलोच्या माणसापुढचं लक्ष्य पंधरा किलोंचं नाही, सातेक किलोंचं आहे. आठवड्याला अर्धा किलो धरलं तर साडेतीन महिने.

आता कर्बोदकांकडे येऊ, कारण या विषयावर दोन्ही बाजूंनी अतिरेक चालतो. ‘डायरेक्ट’मधला तो द्रव आहार कमी कर्बोदकांचा नव्हता. त्यातले निम्म्याहून अधिक उष्मांक कर्बोदकांचेच होते. रेमिशन घडवलं ते उतरलेल्या वजनाने. त्यामुळे ‘भाकरी हेच विष’ असा प्रचार चुकीचा आहे. पण आपल्या स्वयंपाकघरात वजन उतरवायचं तर कात्री लावण्याजोगी सगळ्यात मोठी गोष्ट धान्य आणि साखर हीच आहे. भारतीय आहारात साठ टक्क्यांहून जास्त उष्मांक कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांतून जेमतेम बारा. आयसीएमआर-इंडिआबच्या संशोधकांनी २०२२ मध्ये १८ हजारांवर लोकांच्या आहाराची गणितं मांडून सुचवलं की, नव्या मधुमेहींनी रेमिशनसाठी कर्बोदकं ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावीत आणि प्रथिनं १९-२० टक्क्यांवर न्यावीत. कर्बोदकं कमी करण्याचा दुसरा फायदा रुग्णाला त्याच दिवशी दिसतो: जेवणानंतर दोन तासांची साखर खाली येते. वजनाच्या काट्याला आठवडे लागतात, ग्लुकोमीटर संध्याकाळीच बोलतो. माणूस टिकून राहतो तो अनेकदा या आकड्यामुळे.

ब्रिटनमध्ये साउथपोर्ट इथले डॉ. डेव्हिड अनविन यांनी आपल्या साध्या दवाखान्यात आठ वर्षं हेच केलं. पीठ-साखर कमी, भाज्या आणि प्रथिनं जास्त, वजनावर नजर. हा मार्ग निवडलेल्या १८६ मधुमेहींपैकी ५१ टक्के रेमिशनमध्ये गेले. मधुमेह होऊन वर्षही न झालेल्यांत हे प्रमाण ७७ टक्के होतं, पंधरा वर्षांहून जुन्या रुग्णांत २० टक्के. ही रीतसर तुलनात्मक चाचणी नव्हती आणि लोक स्वतःहून आले होते, हे लक्षात ठेवूनही या दोन आकड्यांमधलं अंतर पुरेसं बोलकं आहे. पहिलं वर्ष सर्वांत मोलाचं. आपण नेमकं तेच चार शब्दांच्या सल्ल्यावर घालवतो.

‘भात बंद’ या सल्ल्यात काय बिघडतं ते एका मध्यमवर्गी घरातल्या दिवसाची मोजदाद केली की कळतं. सकाळचे दोन चहा, दोन-दोन चमचे साखर, चार बिस्किटं: ४० ग्रॅम कर्बोदकं. नाश्त्याला बशीभर पोहे, म्हणजे ६० ग्रॅम कोरडे पोहे: ४५. दुपारी तीन पोळ्या ५५, वाटीभर भात २८, बटाट्याची भाजी १८, वरण १०. चारला चहा-फरसाण २५. रात्री दोन भाकऱ्या ७०, वाटीभर भात २८, भाजी १०. बेरीज सव्वातीनशे ग्रॅमच्या वर. यातला भात दोन्ही वेळचा बंद केला तरी पावणेतीनशे ग्रॅम उरतात. आणि दर वेळी भाताऐवजी आणखी एक भाकरी घेतली, जे घरोघरी होतं, तर काहीच कमी झालेलं नसतं. ज्वारी, बाजरी, नाचणी ही चांगली धान्यं आहेत, त्यांत तंतू जास्त आहेत, पण ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत ३५ ग्रॅम कर्बोदकं असतातच. गव्हाच्या दोन फुलक्यांएवढी. ‘नाचणी शुगरला चालते’ म्हणून तीन भाकऱ्या खाणाऱ्याची साखर का उतरत नाही, याचं उत्तर इथे आहे. गुळाचा चहा आणि साखरेचा चहा यांतही रक्ताच्या दृष्टीने फरक नाही.

आता याच घरात, याच चुलीवर, १२० ग्रॅमच्या आसपास कसं यायचं ते पाहू. चहा बिनसाखरेचा, दूध थोडं. पहिले आठ-दहा दिवस तो नकोसा वाटतो, नंतर जीभ सरावते. नाश्त्याला ५० ग्रॅम मूगडाळ भिजवून-वाटून केलेली दोन धिरडी आणि दही, किंवा दोन अंड्यांचं कांदा-टोमॅटो घातलेलं ऑम्लेट. दुपारी आधी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, मग दोन वाट्या फळभाजी किंवा पालेभाजी, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची वाटीभर उसळ, शेवटी एक पोळी, ताक. चारला मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे. रात्री १०० ग्रॅम पनीर, किंवा बांगडा, किंवा चिकन, पालेभाजी आणि अर्धी भाकरी. प्रथिनं ५५ ते ६५ ग्रॅमपर्यंत जातात, म्हणजे वजनाच्या किलोमागे एक ग्रॅमच्या जवळ. कर्बोदकं २०० ग्रॅमनी घटली म्हणजे ८०० उष्मांक गेले. त्यातले तीनेकशे प्रथिनांच्या पदार्थांतून परत आले. रोजची पाचशेची तूट राहिली, आणि आठवड्याला अर्धा किलो उतरतो तो याच तुटीतून.

ताटातला क्रमही महत्त्वाचा: भाजी आणि प्रथिन आधी, धान्य शेवटी. एवढ्यानेच जेवणानंतरची साखरेची उसळी कमी होते. मोजण्यासाठी सुरुवातीचे दोन आठवडे स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा ठेवावा, कारण ‘एक वाटी’ प्रत्येक घरात वेगळी असते आणि पोळीचं पीठ २० पासून ४५ ग्रॅमपर्यंत काहीही असू शकतं. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या महाग पडतात, म्हणून रोज कधीही बोट टोचण्यापेक्षा ठरवून तपासावं: एखाद्या जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. फरक ४०-५० मिलिग्रॅमहून जास्त आला तर त्या ताटात धान्य जास्त होतं. आठवड्यातून अशा तीन-चार जोड्या पुरतात. ज्यांच्या गोळ्या किंवा इन्सुलिन साखर खाली पाडू शकतात त्यांना मात्र जास्त वेळा तपासावं लागतं.

इथे सर्वांत धोक्याची जागा येते, आणि कमी कर्बोदकांचा प्रचार करणारे पुष्कळ लोक तिथून घाईने पुढे सरकतात. ताट बदललं आणि गोळ्या तशाच राहिल्या तर माणूस चक्कर येऊन पडू शकतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या जेवलात की नाही हे न पाहता इन्सुलिन पिळून काढतात. आहार बदलायच्या दिवशीच त्यांची मात्रा निम्मी करायची की बंद करायची, हे डॉक्टरांनी ठरवायला हवं. इन्सुलिनचं तर आणखी काटेकोर. तेही कमी करावं लागतं, पण अचानक पूर्ण थांबवायचं नसतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर असताना कर्बोदकं फार खाली नेली तर रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही आम्ल साचू शकतं. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप ही त्याची खूण, आणि ते थेट रुग्णालयात जाण्याचं कारण आहे. पण याच गोळ्या काहींना हृदय किंवा मूत्रपिंडासाठी दिलेल्या असतात, म्हणून त्या मनाने बंद करू नयेत. मेटफॉर्मिन बहुधा तशीच चालू राहते. रक्तदाबाच्या गोळ्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. कर्बोदकं घटली की पहिल्या दोन आठवड्यांत शरीरातून मीठ-पाणी जास्त जातं, दाब उतरतो, आणि सकाळी उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मात्रा कमी करायची वेळ आल्याची ती खूण असते. साखर ७० च्या खाली गेली तर मात्र तत्त्व बाजूला ठेवून तीन चमचे साखर पाण्यात घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं.

सुरुवात करण्याआधी एचबीए१सी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनीन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, रक्तातल्या चरबीच्या चाचण्या, रक्तदाब, आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झालेली असावी. पडदा खराब असताना खूप चढलेली साखर झपाट्याने उतरली तर तो काही काळ आणखी बिघडू शकतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर प्रथिनांचं प्रमाण तज्ज्ञाने ठरवायचं. पित्ताशयात खडे असतील तर वजन सावकाश उतरवायचं. गरोदर आणि स्तनदा स्त्रियांनी हा मार्ग घ्यायचा नाही.

आणि काही मधुमेही असे असतात की ज्यांना वजन उतरवायला सांगणं हाच अन्याय ठरेल. तिशीत निदान झालेला, मुळात सडसडीत, गेल्या दोन महिन्यांत आपोआप आठ किलो घटलेला, सतत तहान लागणारा रुग्ण टाइप २ चा असेलच असं नाही. त्याला इन्सुलिनची गरज असू शकते. तरुणपणी मधुमेह झालेल्या भारतीयांत इन्सुलिनचीच कमतरता असलेला गट युरोपीय रुग्णांपेक्षा मोठा आहे, हेही पुण्यातल्या संशोधनाने दाखवलं आहे. म्हणून रेमिशन ही प्रत्येकाने गाठायचीच परीक्षा करून टाकू नये. ज्याचं ते होत नाही त्याने काही गुन्हा केलेला नसतो. एचबीए१सी ९ वरून ७ वर आला आणि दोन गोळ्यांची एक झाली, तरी डोळे आणि मूत्रपिंड यांचं मोठं रक्षण झालेलं असतं.

प्रयत्न फसतात त्याची कारणं ठरावीक असतात. भाकरी काढली पण तिच्या जागी काही ठेवलं नाही, मग रात्री अकराला चिवड्याचा डबा उघडतो. भात सोडला म्हणून तेल, तूप, शेंगदाणे हातसैल झाले. शेंगदाण्याच्या एका मुठीत १७० उष्मांक असतात, तीन मुठींत जेवण होतं, आणि काटा हलत नाही. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार: साबुदाण्याच्या एका बशीत ६५ ग्रॅम कर्बोदकं, जवळजवळ शुद्ध पिठूळ, वर बटाटा. उपास करायचाच असेल तर दही, शेंगदाण्याची आमटी, काकडी, ताक, पनीर यांवर उत्तम होतो. बद्धकोष्ठ होतं ते भाजी आणि पाणी कमी पडल्यामुळे. आणि स्नायू झिजतात, कारण माणूस नुसता चालतो. खुर्चीतून उठबस, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं, असं आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटं केलं तरी फरक पडतो, कारण जेवणातली साखर मुख्यतः स्नायूच उचलतात.

एक अडचण अशी आहे की जिच्याबद्दल आहारतज्ज्ञांच्या छापील कागदांत अवाक्षर नसतं. रुग्ण पुरुष असेल तर घरात त्याच्यासाठी वेगळं शिजतं. रुग्ण घरची बाई असेल तर ती सगळ्यांचं झाल्यावर बसते, आणि तोवर उसळ तळाला गेलेली, वरण पाणी घालून वाढवलेलं, पोळ्या मात्र उरलेल्या असतात. उरलेलं टाकायचं कसं म्हणून त्या तीही खाते. तिला ‘कर्बोदकं कमी करा’ सांगून उपयोग नाही. तिच्या वाट्याची उसळ आधी बाजूला काढून ठेवा, हे तिच्या नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून सांगावं लागतं. वेगळा स्वयंपाक लागतच नाही: भाजी, उसळ, कोशिंबीर सगळ्यांना तीच, फरक फक्त धान्याच्या वाढपात.

‘आपले आजोबा सहा भाकऱ्या खायचे, त्यांना कुठे मधुमेह होता?’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. ते दिवसभर नांगरामागे चालत होते. धान्य तेच राहिलं, ते जाळणारं काम गेलं. याहून गंभीर आक्षेप टिकण्याचा आहे, आणि तो खरा आहे. २०२१ मध्ये २३ चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा कमी कर्बोदकांचा फायदा सहा महिन्यांना ठळक होता आणि वर्षाला पुष्कळ ओसरला होता. ‘डायरेक्ट’मध्येही दोन वर्षांनी रेमिशन ३६ टक्क्यांवर आलं, आणि पाच वर्षं पाठपुरावा चालू राहिलेल्या गटात १३ टक्के उरलं. वजन परत येतं, आणि त्याच्या मागोमाग साखर. पण त्याच गटाचं सरासरी वजन पाच वर्षांनीही मूळ वजनापेक्षा सुमारे सहा किलोंनी कमी होतं. पाठपुरावा मोडला की परिणाम मोडतो, हे यातून दिसतं. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब चढला म्हणून आपण ती गोळी कुचकामी ठरवत नाही. आहाराच्या वाट्याला मात्र एकदाच सल्ला, आणि फसला तर दोष रुग्णाचा.

वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं आता आली आहेत. टिर्झेपेटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा सर्वांत कमी मात्रेची कुपी ३,५०० रुपयांना होती, म्हणजे आठवड्याला एक धरून महिन्याला १४ हजार. ती परिणामकारक आहेत, किमती उतरतील तशी अधिक लोकांपर्यंत पोचतील, आणि अनेकांना त्यांची खरी गरज आहे. पण तीही बंद केल्यावर वजन परततं, आणि भूक मेलेल्या माणसाच्या ताटात प्रथिनं नसतील तर चरबीसोबत स्नायूही जातात. म्हणजे इंजेक्शनवाल्याच्या चिठ्ठीवरही ताट लिहावंच लागणार.

लोक ऐकत नाहीत, ही तक्रार महाराष्ट्रात तरी करू नये. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या ‘दिवसातून दोनदाच जेवा’ या सांगण्यामागे इथले असंख्य लोक गेले. त्या पद्धतीविषयी आहारतज्ज्ञांचे मतभेद असोत, आणि ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने जेवण गाळणं धोक्याचं आहे हेही खरंच. पण सूचना स्पष्ट असली, मोजता येणारी असली आणि मराठीत असली, तर माणसं ती उचलतात, एवढं त्यातून नक्की दिसलं.

यंत्रणेचे पहिले धागेही जागेवर आहेत. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकाची तपासणी करायची आहे. आशा ताई घरोघरी या आजारांचा धोका मोजणारा जो सीबॅक फॉर्म भरतात त्यात कमरेचा घेर मोजायची नोंद आहे, म्हणजे टेप त्यांच्या हातात आधीच आहे. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. पण घेर मोजला जातो, आकडा लिहिला जातो, आणि पुढे त्याचं काही होत नाही. निदानानंतर पहिले चार महिने दर पंधरा दिवसांनी त्याच माणसाचं वजन, घेर, रक्तदाब आणि साखर पाहणं, गोळ्या कमी करायच्या खुणा दिसल्या की प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन करणं, आणि जिल्ह्याच्या पिकाप्रमाणे लिहिलेला एक ताटाचा कागद हातात देणं, एवढं या रचनेत बसतं. कोकणात त्या कागदावर बांगडा आणि कुळीथ असेल, मराठवाड्यात ज्वारी आणि हरभरा, विदर्भात तूर. गोळ्या कमी कशा करायच्या याचा लेखी नियम मात्र डॉक्टरांच्या हातात आधी पडायला हवा, नाहीतर ते जोखीम घेणार नाहीत, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

आरोग्य खात्याच्या हातात नसलेली गोष्ट रेशनची. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, आता मोफत. मुख्यतः गहू आणि तांदूळ. दिवसाला १६५ ग्रॅम. त्यातल्या कर्बोदकांची बेरीज १२० ग्रॅमच्या जवळ जाते, म्हणजे वर मांडलेल्या अख्ख्या दिवसाच्या ताटाएवढी, आणि प्रथिनं त्या मानाने फार कमी. भूक भागवण्यात या धान्याचं मोल फार मोठं आहे आणि ते कुणी काढून घेऊ नये. पण ज्या घरात नोंदलेला मधुमेही आहे, त्या घराला पाचातल्या दोन किलोंऐवजी तेवढ्याच किमतीची तूर, मसूर, हरभरा किंवा सोयाबीन निवडण्याची मुभा का नसावी? सोयाबीन आणि तूर तर महाराष्ट्राच्याच शेतातली. २०२२ च्या दिवाळीत राज्याने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात एक-एक किलो रवा, साखर, चणाडाळ आणि एक लिटर पामतेल होतं. चार वस्तूंत प्रथिनाची एकच. शालेय पोषण आहारातलं अंडं आलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी निधी थांबला. गरिबाला प्रथिनं परवडत नाहीत म्हणून हा आहार श्रीमंतांचा, असं म्हणणाऱ्यांनी हे निर्णय कुणी घेतले तेही विचारावं. अंडं, सोयाबीन, मसूर, शेंगदाणे यांतलं काहीच श्रीमंती खाणं नाही.

रेमिशनमध्ये गेलेल्याचं नाव नोंदवहीतून काढू नये, हे शेवटी मुद्दाम सांगायला हवं, कारण बऱ्या झालेल्यांच्या रकान्यात ते टाकण्याचा मोह होणार. दर सहा महिन्यांनी एचबीए१सी, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, पाय आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासत राहायचं. वजन घरच्या काट्यावर आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी. सर्वांत खाली गेलेल्या वजनापेक्षा तीन किलो वाढले की पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात उपकेंद्रावर जायचं आणि चार आठवडे पुन्हा १२० ग्रॅमच्या ताटावर यायचं. हा आकडा आणि ही सूचना त्या पहिल्या चिठ्ठीवरच छापलेली असावी.